सीईटीला ९१ पर्सेंटाइल पडलेत, पण मित्राला मार्क कमी असून पर्सेंटाइल जास्त, हे कसं काय?

जिंतूरची_ताई

नमस्कार सगळ्यांना. माझ्या लहान्या भावाचा २०२५ च्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, निकाल लागलाय, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुप, टोटल पर्सेंटाइल ९१.४. घरात आधी लई आनंद झाला, अण्णांनी ऐकल्या ऐकल्या पेढे आणले अन् गल्लीत सांगून आले की पोराला ९१ टक्के पडले. संध्याकाळी चुलते आले, त्यांनी विचारलं की बारावीला ६४ अन् इथं ९१ कसे काय, तर आमच्यातल्या कुणालाच नीट सांगता येईना.

खरी अडचण पुढं आहे. त्याचा एक मित्र आहे, दोघं परभणीला एकाच रूमवर राहिले, एकाच क्लासला गेले. रिस्पॉन्स शीट (पोरानं दिलेल्या उत्तरांची यादी) आली तेव्हा स्टँडजवळच्या मल्टिसर्व्हिसेसवरून प्रिंट काढून दोघांनी आन्सर की समोर ठेवून मार्क मोजले, पेनानं टिक करत करत, मी स्वतः परत एकदा मोजले, आमच्याला १०४ अन् मित्राला ९८. आता निकालात मित्राला ९२.६ अन् ह्याला ९१.४. सहा मार्क जास्त असून मागं कसा? अण्णा म्हणायलेत तपासताना काहीतरी चुकलं, अर्ज करू. पोरगं तर निकाल लागल्यापासून गच्चीवर जाऊन बसायलंय, धड जेवत पण नाही.

आणखी दोन गोष्टी समजना झाल्यात. त्याचं फिजिक्स ८६.२, केमिस्ट्री ८४.९, मॅथ्स ९३.१ आहे, ह्याची सरासरी काढली तर ८८ येते मग टोटल ९१.४ कुठून आलं? अन् जेईईला, म्हणजे देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग परीक्षेला, एप्रिलमधे ७८ पर्सेंटाइल होतं, मग एवढ्या लवकर पोरगं एवढं सुधारलं का तो पेपर सोपा होता? घरात इंजिनिअरिंगला जाणारा हा पहिलाच आहे, विचारावं असं जवळ कोणी नाही, म्हणून इथं टाकायले. कुणाला माहिती असेल तर सविस्तर सांगा.

मास्तर_नांदेड

ताई, मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, दरवर्षी निकालाच्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन पालक दारात येतात, त्यामुळं जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, ९१.४ हे टक्के नाहीतच. स्कोअरकार्ड परत उघडून बघा, त्यावर २०० पैकी किती असं कुठंच छापलेलं नाही, नुसतं पर्सेंटाइल आहे. त्याचा अर्थ एवढाच की तुमचा भाऊ ज्या शिफ्टला बसला त्या शिफ्टमधल्या दर शंभर पोरांमागं साधारण ९१ जणांचे मार्क त्याच्याइतके किंवा त्याच्यापेक्षा कमी आहेत, अन् साडेआठ पोरं त्याच्या पुढं आहेत. म्हणजे तो रांगेतला नंबर झाला. बारावीचे ६४ म्हणजे शंभरातले किती मिळवले ते, अन् हा ९१ म्हणजे शंभर जणांत कुठं उभा आहे ते. हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नसतात. शिफ्टचा टॉपर २०० पैकी १७० वर असला तरी त्याचं पर्सेंटाइल १०० च लागतं, कारण त्याच्या पुढं कोणीच नाही.

आता मित्राचं. दोघांची हॉल तिकिटं काढून तारीख अन् वेळ बघा, मला वाटतंय शिफ्ट वेगळी निघेल. सीईटी एका दिवशी होत नाही, कितीतरी दिवस सकाळ दुपार चालते अन् प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. अण्णांना सोयाबीनवरून सांगा, लगेच पटंल. ज्या साली ऑगस्टात पावसानं महिनाभर ताण दिला त्या साली एकरी ६ क्विंटल काढणारा गावात पहिला असतो. पाऊस वेळेवर पडलेल्या साली तेच ६ क्विंटल म्हणजे मधल्या फळीतला माणूस. कष्ट तेवढेच, शेत तेच, फक्त त्या साली बाकीच्यांना किती झालं ह्यावर तुमची जागा ठरते. मित्राच्या शिफ्टचा पेपर अवघड गेला असणार, तिथं सगळ्यांचेच मार्क घसरले, म्हणून ९८ ला ९२.६ मिळाले. तुमच्याकडचा पेपर त्यामानानं सोपा, तिथं १०४ च्या वर बरीच पोरं गेली. मार्क मोजण्यात तुम्ही चुकला नाहीत अन् मला तरी निकालातही चूक दिसत नाही.

सरासरीचं सांगतो. टोटल पर्सेंटाइल तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून येत नाही. आधी तीनही विषयांचे मार्क एकत्र करतात, फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, अन् मॅथ्स ५० प्रश्न पण प्रत्येकी २ मार्क म्हणजे १००, अन् ह्या २०० वर पुन्हा नव्यानं रांग लावतात. मॅथ्स अर्धा वाटा घेऊन जातं अन् तुमच्या भावाचं तेच चांगलं आहे. शिवाय फिजिक्समधे जी पोरं त्याच्या पुढं आहेत ती सगळी मॅथ्समधे पुढं नाहीत, कुणाचा एक विषय कच्चा कुणाचा दुसरा. तिन्ही बऱ्यापैकी असणारी पोरं कमीच असतात, म्हणून टोटलच्या रांगेत तो वर सरकला. शहरात फ्लेक्सवर फोटोखाली ९९ लिहिलेलं असतं ना, ते बऱ्याचदा एका विषयाचं असतं, टोटलचं नसतं, ते बघून पोराला बोलू नका.

जेईईचं तर गावच वेगळं. ह्या वर्षी दोन्ही सत्रं मिळून साधारण १४ लाख ७५ हजार पोरं बसली, सगळ्या देशातली, अन् तिथं चुकलं की १ मार्क कापतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, अन् रांगेत बहुतेक आपल्याच राज्यातली पोरं. रांगच वेगळी तर ७८ अन् ९१ ची तुलना कशी करणार. तेवढ्यात पोरगं सुधारलं असेलही, पण ह्या दोन आकड्यांवरून ते सांगता येत नाही.

बीडचा_गडी

सर तुमचं सगळं बरोबर आहे पण मला एक सांगा, समजा एका शिफ्टला सगळी हुशार पोरंच आली तर? सोयाबीनमधे गाव तेच राहतं, इथं तर गावच बदलायलंय. मग त्या शिफ्टमधल्या हुशार पोरावर अन्याय नाही का, माझ्या बहिणीचं असंच झालं म्हणून विचारायलो.

मास्तर_नांदेड

बरोबर धरलंत. ही सगळी पद्धत एका गृहीतकावर उभी आहे की प्रत्येक शिफ्टला सारखीच सरमिसळ आली. एका शिफ्टला पाचपन्नास पोरं असती तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं असतं. पण इथं एकेका शिफ्टला हजारोंनी पोरं असतात अन् कुणाला कोणती शिफ्ट हे मार्क बघून ठरवलेलं नसतं, एवढ्या गर्दीत हुशार, मधली, कच्ची पोरं सगळीकडं जवळजवळ सारखी पसरतात. अगदी काट्याच्या तराजूसारखं नसतं हे मी पण मानतो.

म्हणून तर ताईंना सांगायचंय की ९१.४ अन् ९२.६ मधे हुशारीचा फरक शोधू नका. दोघं एका रूमवर राहून शिकले, दोघं सारख्याच तयारीचे आहेत. रांगेत मात्र त्यानं फरक पडतो हे पण खरं, पीसीएमला ह्या वर्षी साधारण ४ लाख २२ हजार पोरं बसली, त्याचा सव्वा टक्का धरला तर दोघांच्या मधे पाच हजार पोरं उभी आहेत.

लातूरची_आई

ताई तुमच्या भावाचं गच्चीवर बसणं वाचलं अन् राहवलं नाही म्हणून लिहायले. माझी मुलगी नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची, रिपीटर, दुसऱ्यांदा परीक्षा दिलेली. नीट तर एकाच दिवशी एकाच वेळी असते, तिथं शिफ्टची भानगड नाही, तरी मार्कांनी आम्हाला किती रडवलं ते सांगते.

२०२४ ला तिला ७२० पैकी ५७१ होते. त्या वर्षी मार्कांचा नुसता पूर आला होता, ६५० च्या वर साधारण ३० हजार पोरं होती, तिची रँक सव्वा लाखाच्या जवळ गेली. म्हणून एक वर्ष परत दिलं, पुन्हा मेस, पुन्हा टेस्ट सिरीज, दिवाळीला सुद्धा घरी दोनच दिवस आली. ह्या वर्षी पेपर देऊन बाहेर आली ती गेटवरच रडायला लागली, फिजिक्स लई अवघड होतं. आन्सर की वरून मोजले तर ४९८. तिच्या पप्पांनी तोंडातून शब्द काढला नाही, पण त्या रात्री आमच्या घरात कुणी जेवलं नाही. एक वर्ष घालून ७३ मार्क कमी झाले, नातेवाईकांना काय सांगायचं हाच विचार डोक्यात.

निकाल लागला अन् रँक बघितली तर पन्नास हजाराच्या थोडी पुढं. म्हणजे मार्क ७३ नी कमी अन् रँक निम्म्याहून वर आली. देशात पहिला आलेल्या मुलालाच ६८६ होते ह्या वर्षी, अन् ६५० च्या वर शंभर पोरं पण नाहीत. आता कौन्सिलिंगची, म्हणजे कॉलेज वाटपाची, वाट बघायलोत. त्या निकालाच्या आधीच्या दहा दिवसात आम्ही तिला जे टोचून बोललो ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

अन् नीटच्या पर्सेंटाइलबद्दल पण एक सांगते, लोक फसतात. जनरलला ५० पर्सेंटाइलला क्वालिफाय म्हणतात, ह्या वर्षी ते १४४ मार्काला आलं. आमच्या शेजारच्यांना वाटलं पोरगा पास झाला म्हणजे डॉक्टर झाला, त्यांनी फेटा बांधायची तयारी केली होती. क्वालिफाय म्हणजे नुसतं फॉर्म भरायला पात्र. ॲडमिशन राज्याच्या मेरिट लिस्टमधल्या नंबरावर असतं. आधी ते ७०:३० होतं, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या पोरांना अन् ३० टक्के बाकी राज्याला, तेव्हा मराठवाड्यातल्या पोरांना आपल्याच भागातल्या मोजक्या कॉलेजांच्या जागांसाठी भांडावं लागायचं, २०२० ला ते गेलं अन् आता सगळ्या राज्याची एकच यादी आहे, म्हणून विभागाचं न बघता राज्यातला नंबर बघायचा.

विष्णुपुरी_हॉस्टेल

ताई मी हिंगोलीचा, गेल्या वर्षी ह्याच कॅप राऊंडमधून (सरकारी प्रवेश फेऱ्यांमधून) गेलोय, आता नांदेडला एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजला आहे. वर सरांनी अर्थ सांगितला, मी पुढं करायचं काय ते सांगतो कारण खरी चूक इथंच होते.

आता घरोघरी गेल्या वर्षीच्या कटऑफची (कोणत्या कॉलेजला शेवटचा प्रवेश कितीवर झाला त्याची) पीडीएफ फिरत असेल अन् सगळे त्यातला ९१ शोधत असतील. तसं करू नका. २०२४ ला पीसीएमला साधारण २ लाख ९५ हजार पोरं बसली होती, ह्या वर्षी ४ लाख २२ हजार. ९१.४ म्हणजे पुढं ८.६ टक्के पोरं. गेल्या वर्षी ते झाले असते २५ हजार, ह्या वर्षी होतायत ३६ हजार. पर्सेंटाइल तेच पण पुढं ११ हजार पोरं जास्तीची, अन् जागा काही त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून उलटं करा. ३६ हजाराच्या जागी गेल्या वर्षी कोण होतं ते बघा, २ लाख ९५ हजारातला ३६ हजारावा म्हणजे ८७-८८ पर्सेंटाइलवाला. त्याला गेल्या वर्षी जे कॉलेज मिळालं ते तुमच्या यादीच्या मधोमध असलं पाहिजे, त्याच्या वर थोडी मोठी स्वप्नं अन् खाली हमखास मिळतील अशी कॉलेजं.

हे पण ढोबळच धरा. मेरिट लिस्ट लागली की खरा नंबर कळतो अन् तो ३६ हजाराच्या अलीकडंच असेल, कारण सीईटी देणारी सगळी पोरं कॅपचा फॉर्म भरत नाहीत. माझं तसंच झालं होतं. कटऑफच्या यादीत प्रत्येक ब्रँचपुढं दोन आकडे असतात, वर मेरिट नंबर अन् खाली कंसात पर्सेंटाइल. तुम्ही वरचा वाचायचा.

त्या यादीतली अक्षरं पण समजून घ्या नाहीतर दुसऱ्याच रकान्यातलं वाचाल. जीओपनएच, एलओपनएच असं लिहिलेलं असतं. सुरुवातीचं जी म्हणजे सगळ्यांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी. मधे कॅटेगरी. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, आपल्या भागाचं विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरच्या युनिव्हर्सिटीवाले, एस म्हणजे राज्य पातळीवरची जागा. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर हे चार जिल्हे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात येतात, संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठात. बारावी ज्या जिल्ह्यातल्या कॉलेजातून पास झाला त्यावर होम युनिव्हर्सिटी ठरते, म्हणून ते आधी पक्कं बघा. एकाच ब्रँचला एच अन् ओ मधे बराच फरक असतो.

जिंतूरची_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. हॉल तिकिटं काढून बघितली, खरंच मित्राची शिफ्ट दुपारची अन् तारीख पण वेगळी. अण्णांना सोयाबीनचं सांगितलं तर त्यांनीच मला पुढचं सांगितलं की दुष्काळाच्या साली आपल्याला एकरी ४ च झालं होतं तरी शेजारचे बघायला आले होते. अर्जाचा विषय सोडून दिला त्यांनी.

लातूरच्या काकूंचं भावाला वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण खाली आला, जेवला, अन् आता मित्राला फोन लावून दोघं मिळून कटऑफची यादी उघडून बसलेत, वहीत एच अन् ओ चे वेगळे रकाने पाडलेत. बारावी परभणीतूनच आहे, म्हणजे आमची होम युनिव्हर्सिटी नांदेडच. विष्णुपुरी दादा, गेल्या वर्षीच्या ८७-८८ वर कोणकोणत्या ब्रँच होत्या ते आम्ही आज रात्री काढतो अन् यादी इथं टाकते, एकदा डोळ्याखालून घाला. काकू, मुलीचं कौन्सिलिंग झालं की नक्की कळवा, आमच्या घरात सगळे विचारायलेत.