नेरूळला १९६६ ची मस्टँग कन्व्हर्टिबल बघितलीये, ३२ लाख म्हणतायत, घ्यावी का?

घोडबंदर_ट्रॅफिक:
मंडळी नमस्कार. ठाण्यात राहतो, वसंत विहार साइडला. बायकोच्या मामांच्या ओळखीतून नेरूळला एक गाडी कळली, फोर्ड मस्टँग १९६६, लाल, कॅनव्हासचं टप, लेफ्ट हँड ड्राइव्ह, सोसायटीच्या स्टिल्टमध्ये सात-आठ वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. मालक काका मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेत, गाडी त्यांच्या वडिलांची, ते जाऊन बरीच वर्षं झाली पण आरसी बुक अजून त्यांच्याच नावावर, तीन अक्षरी जुना नंबर. काका म्हणाले घासाघीस करायची नाही, पण चहा मात्र दोनदा पाजला. बॅटरी जोडून बघितली, इंजिन फिरतं पण चालू होत नाही. व्ही एट, म्हणजे आठ सिलिंडरचं आहे म्हणे, आवाज ऐकाल तर वेडे व्हाल. पेंट चकाचक. ड्रायव्हर साइडचं दार लावताना जरा उचलावं लागतं, बाकी काही नाही.

माझा जुन्या गाड्यांचा अनुभव म्हणजे बाबांची प्रीमियर पद्मिनी ढकलणे, एवढाच. कागदपत्रं कशी होतील? आणि रविवारी सकाळी पाम बीच रोडला एक चक्कर मारता येईल ना? बायको अजून हो पण म्हणत नाहीये आणि नाही पण म्हणत नाहीये, म्हणून पटकन सांगा.

पाना_दहा_अकरा:
"दार उचलावं लागतं, बाकी काही नाही" हे वाचून हातातला वडापाव खाली ठेवला. अहो साहेब, तेच तर सगळं आहे!

या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. वरचं छप्पर काढलं की सगळा जोर खालच्या पत्र्यावर येतो, म्हणून फोर्डने कन्व्हर्टिबलला फ्लोअरखाली जास्तीचा पत्रा, दाराखालच्या पट्टीत आतून जाड पत्रा आणि दोन्ही बाजूंना टॉर्क बॉक्स, म्हणजे मजबुतीसाठी पत्र्याच्या पेट्या, दिल्या होत्या. हे सडलं की गाडी मधून बसते, दाराची फट वर बारीक आणि खाली मोठी होते आणि मग दार उचलून लावावं लागतं. पेंट कितीही चकाचक असू दे, पेंट तर पुट्टीवर पण छान बसतो.

जाताना लोहचुंबक न्या, पातळ फडक्यात गुंडाळून दाराखालून आणि मागच्या चाकांच्या कमानीवरून फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग समोरच्या काचेच्या खाली जाळी असते तिच्यावर एक तांब्याभर पाणी ओता आणि आत पायाखाली कार्पेट ओलं होतंय का बघा. मस्टँगचा हा जन्मजात रोग आहे, जाळीखालचा पत्रा कुजतो आणि पाणी थेट आपल्या बुटात, ठाण्याच्या पावसात तर विचारूच नका. डिकी पण उघडा, तिची फरशी म्हणजेच पेट्रोलची टाकी असते, सात-आठ वर्षं उभ्या गाडीत आतून काय झालं असेल देव जाणे. आणि ६६ ला ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच खणाचा, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. माजिवड्याच्या उतारावर आठवण ठेवा.

फॉर्म_तीसचा_मारा:
गाडीतलं मला कळत नाही, कागदाचं सांगतो. माणूस गेलाय म्हणजे ती गाडी काका आज तुम्हाला विकूच शकत नाहीत, आधी फॉर्म ३१ भरून त्यांच्या नावावर व्हायला हवी आणि बहिणी-भाऊ असतील तर त्यांची संमती. नंतर तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. टोकन द्यायची घाई करू नका, आमच्या नात्यात एका जीपवरून दोन भाऊ अजून बोलत नाहीत.

५० वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, १० वर्षांची मुदत. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, नवीन असेल तर व्हीए अक्षरं असलेला. पण मग गाडी रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढंच. तुमची पाम बीचची चक्कर "पेट्रोल भरायला चाललोय" मध्ये बसवावी लागेल :) अजून एक, गाडी मूळ रूपात हवी, बॉडी शेल, चेसिस किंवा इंजिनात मोठी तोडमोड झालेली चालत नाही. लेफ्ट हँडला इंडिकेटर चालू असणं मोटार वाहन कायद्याने सक्तीचं आहे, कलम १२०. आणि गाडी भारतात आली कशी तेही विचारा, तेव्हा परदेशी वकिलातींच्या गाड्या एसटीसी, म्हणजे सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, तसा कागद घरात असेल तर सोनं समजा.

खाडीकाठचा_वारा:
मस्टँग दिसायला स्पोर्ट्स कार वाटते पण तशी नाही, अमेरिकेत याला पोनी कार म्हणतात, खालून सगळी साधी घरगुती फोर्ड फाल्कन आहे. असो.

बॉनेट उघडलंत का? आमच्या काकांकडे लांबलचक इम्पाला होती, रुबाब असा की लग्नात नवरदेवापेक्षा गाडीचे फोटो जास्त, आणि आत मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन. एकेकाळी पेट्रोल परवडत नाही म्हणून सर्रास बसवायचे. बॉनेट उघडलं की ड्रायव्हर साइडच्या मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो. पहिला आकडा ६ म्हणजे ६६ साल, मग कारखान्याचं अक्षर, मग दोन आकडे बॉडीचे: ०७ साधी कूपे (पक्क्या छपराची), ०८ कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या टपाची), ०९ फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची). पुढचं अक्षर इंजिनाचं, सी किंवा ए असेल तर २८९ घनइंचाचं व्ही एट, टी असेल तर सहा सिलिंडर. फोटो टाका.

घोडबंदर_ट्रॅफिक:
आज ऐरोली ब्रिजवरून सकाळी सातलाच गेलो. पाणी ओतलं, कार्पेट ओलं. चुंबक दाराखाली दोन्हीकडे पडला. इंजिन खरंच व्ही एट आहे, तेवढं एक बरं. पण नंबर ६आर०७सी ने सुरू होतो. तीनदा पुसून बघितला, सातच आहे. मग आरसी बुक परत नीट वाचलं तर बॉडी टाइपमध्ये सलून, म्हणजे बंद छपराची, लिहिलंय, मी पहिल्या वेळी फक्त नंबर आणि नाव बघितलं होतं.

काकांना दाखवलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले मी बोटीवर होतो तेव्हा बाबांनी कुठेतरी रंगवायला दिली होती, परत आलो तर उघडी झाली होती, मला वाटलं टप आधीपासूनच काढता येत असेल. खोटं बोलत नव्हते असं मला वाटतं. एक बहीण पुण्याला आहे, तिला विक्रीचं अजून सांगितलेलंच नाही.

फॉर्म_तीसचा_मारा:
बुकात सलून आणि समोर उघडी गाडी, व्हिंटेजला पहिला प्रश्न हाच येणार. थांबा जरा.

पाना_दहा_अकरा:
कापलेली कूपे. कापताना खालून जास्तीचा पत्रा लावला असेल तर गाडी अजून वाचेल, नसेल लावला तर ती फक्त पेंटवर उभी आहे. ३२ विसरा, कन्व्हर्टिबलचा भाव हिला लागूच होत नाही. मी तुर्भ्याला असतो, रविवारी येतो बघायला, पैसे नकोत. जॅक आणि स्टँड माझ्याकडे आहेत, तुम्ही फक्त गाडीखाली झोपायला एक जुनी सतरंजी आणा. आणि काकांना सांगा, बहिणीला फोन आधी करा.