बाबांची वाट पाहत मुलगा रात्री साडेअकरापर्यंत जागा राहतो. त्याला आधी झोपवावे का?

घोडबंदरची आई:

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला, मानपाड्याच्या पुढे राहतो. घर वन बीएचके आणि माणसे पाच: आम्ही दोघे, सासूबाई, सव्वाचार वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी. मुलगा यंदा ज्युनिअर केजीत आहे. मुलांच्या बाबांचे ऑफिस अंधेरीला असल्यामुळे मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने ठाणे आणि पुढे बसने घर, असे करत त्यांना यायला सव्वानऊ होतात. गायमुख घाटात एखादा ट्रक बंद पडला की दहासुद्धा.

अडचण झोपेची आहे. मुलगा पावणेआठला वरण-भात जेवतो, पण साडेआठ वाजल्यापासून त्याचे सगळे लक्ष लिफ्टकडे असते. ती आमच्या मजल्यावर थांबली की तो सेफ्टी डोअरच्या जाळीला नाक लावून उभा राहतो आणि शेजारचे काका निघाले की हिरमुसून परत येतो. बाबा आले की घोडा-घोडा, त्यांच्या ताटातले दोन घास, शाळेतली हकिकत, आणि हे सगळे आटोपून त्याला झोप लागायला साडेअकरा वाजतात. शाळेची बस सव्वासातला गेटवर येते. साडेसहाला उठवले तरी तो माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेलाच असतो, त्याच अवस्थेत मी त्याचे दात घासते, आणि दूध बहुतेक वेळा अर्धेच पोटात जाते. तो प्रार्थनेनंतर पेंगतो आणि लहानसहान कारणावरून रडतो, असे बाईंनी डायरीत लिहून पाठवले आहे. दुपारी तो साडेतीनला झोपून साडेपाचच्या पुढे उठतो. मी घरून काम करते आणि माझ्या मीटिंग त्याच वेळेत असतात, म्हणून ही झोप आम्ही तशीच चालू ठेवली आहे. रात्री बेल वाजली की धाकटीही जागी होते.

बाबा येण्याआधी त्याला झोपवावे, असे मला वाटते. सासूबाईंचे म्हणणे असे की दिवसभरात बापाचे तोंडच दिसले नाही तर पोराला बापाची ओढ कशी राहणार. मुलांचे बाबा काही बोलत नाहीत, पण गर्दीतून उभ्याने येऊन झोपलेला मुलगा पाहणे त्यांना जड जाईल, हे मला दिसते. झोपही राहावी आणि बाप-लेकाची सोबतही राहावी, असे कोणी घरात जमवले असेल तर कृपया सविस्तर लिहावे. घराचे हप्ते चालू असल्यामुळे नोकरी बदलणे सध्या शक्य नाही.

नेरूळचा बाबा:

ताई, मीही हार्बरने फोर्टला जातो आणि आठ-सव्वाआठच्या आधी घरी येत नाही, त्यामुळे तुमच्या घरातल्या मंडळींची मनःस्थिती चांगली कळते. आमच्याकडे सकाळ माझी आणि संध्याकाळ मुलांच्या आईची, अशी वाटणी आहे. मुलगी साडेआठला झोपते म्हणून सहाला आपसूक उठते. त्यानंतर बसमध्ये बसेपर्यंतचे सगळे माझ्याकडे असते: अंघोळ, वेणी, डबा भरणे आणि खाली गेटपर्यंत हात धरून जाणे. वेणी वाकडी येते, पण ती बाबांनीच घालायची, असा तिचा हट्ट असतो.

माझे मत असे आहे की लहान मुलाला बाप हवा असतो तो रोजच्या कामात. रात्री दमून आलेल्या माणसाने अर्धा तास घोडा होणे आणि सकाळी ताज्या डोक्याने त्याच्या शर्टाची बटणे लावत गप्पा मारणे, यांत दुसरे त्या मुलाच्या अधिक वाट्याला येते. मुलांचे बाबा सकाळी आठच्या सुमारास निघत असतील, तर सहा ते सव्वासात एवढा वेळ त्यांना रोज मिळू शकतो, आणि तो रात्रीच्या वेळेपेक्षा कमी नाही. मात्र हे काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्यावे आणि तुम्ही त्या वेळात स्वयंपाकघरातून सूचना देऊ नयेत.

खारघर बालवाडी:

मी बरीच वर्षे याच वयाच्या मुलांना शिकवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत ३ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात १० ते १३ तास झोप हवी असे म्हटले आहे, आणि दुपारची झोप त्यातच धरलेली आहे. १ ते २ वर्षांच्या मुलांसाठी हाच आकडा ११ ते १४ तासांचा आहे. तुमचा मुलगा रात्री सात तास आणि दुपारी दोन तास झोपतो, म्हणजे नऊच झाले. बाईंनी डायरीत लिहिलेले पेंगणे आणि रडणे हे त्या कमी पडणाऱ्या झोपेचे लक्षण असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे त्याला हट्टी समजू नका.

पण मला बाबांच्या येण्याइतकीच काळजी त्या दुपारच्या झोपेची वाटते. जागे राहू तसा शरीरात झोपेचा दाब साठत जातो आणि झोप घेतली की तो उतरतो. पावणेसहाला उठलेल्या मुलाचा दाब साडेआठपर्यंत पुरेसा साठतच नाही, त्यामुळे बाबा सहा वाजता घरी आले असते तरी तुमचा मुलगा साडेआठला झोपला नसता. तो शाळेतून बाराच्या आसपास येत असेल, तर जेवण होताच एक ते दोन या वेळेत त्याला झोपवा आणि तासाभराने पडदे उघडून उठवा. पहिले काही दिवस तो कुरकुर करेल. साडेतीन ते पाच या तुमच्या मीटिंगच्या वेळेचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो खरा आहे; तिथे आजींची मदत लागेल, आणि ऊन उतरल्यावर सोसायटीच्या बागेत खेळणारी चार मुले असतील तर त्याहून चांगले काहीच नाही. तो वेळ टीव्हीवर मात्र घालवू नका. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीत जास्त एक तास. वन बीएचकेत मोठ्यासाठी लावलेला टीव्ही धाकटीही पाहणारच.

दुसरी गोष्ट उजेडाची. अंधार पडू लागला की शरीरात मेलाटोनिन तयार होऊ लागते आणि झोप जवळ येते. प्रखर उजेडात ते दबते, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्या माणसांपेक्षा अधिक उजेड शिरत असल्यामुळे त्यांच्यावर हा परिणाम जास्त होतो. साडेसातनंतर हॉलमधली पांढरी ट्यूब बंद करून एक पिवळा दिवा ठेवा. उलट सकाळी उठल्याबरोबर त्याला खिडकीत किंवा बाल्कनीत न्या, कारण शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडाने लागते.

झोपेची वेळ साडेअकरावरून एकदम साडेआठवर आणू नका. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणा आणि रोजचा क्रम तोच ठेवा: जेवण, दात घासणे, शू, गोष्ट, दिवा बंद. उठण्याची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून ठरलेली असावी.

जाता जाता शाळेबद्दल. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय काढून पूर्व प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असे सांगितले, आणि त्याचे कारण मुलांची अपुरी झोप हेच दिले होते. सव्वासातला बस येत असेल तर पालक-शिक्षक संघात हा विषय लेखी मांडा. बसच्या फेऱ्या आणि दोन सत्रे ही शाळांची अडचण असते, हे मला ठाऊक आहे, तरीही पालकांनी विचारले पाहिजे.

नौपाड्याची आजी:

मी वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. बाळ, तुझ्या सासूबाईंच्या बोलण्यामागची काळजी खरी आहे, तिला बाजूला सारू नकोस. मीही नातवंडांची आजी आहे. संध्याकाळी पोर दाराकडे डोळे लावून बसते, तेव्हा त्याला उचलून आत नेणे आपल्यालाच जास्त लागते. म्हणून सासूबाईंना निर्णय कळवू नकोस, त्यांना त्यात घे. झोपायच्या वेळची गोष्ट त्यांच्याकडे दे. आजीच्या मांडीवर चिऊ-काऊची गोष्ट ऐकताना पोराला डुलकी लागली, की त्यांना स्वतःलाच पटेल.

त्याचे वाट पाहणे थांबवायचे नसते, त्याला वेळ ठरवून द्यायची असते. बाबांनी रोज आठला ठाणे स्थानकावर उतरून बसच्या रांगेत उभे असताना फोन करावा. नुसता आवाज, व्हिडिओ नको. शाळेची हकिकत तिथेच सांगून व्हावी आणि शेवटी बाबांनी म्हणावे, "आता झोप, सकाळी मी उठवतो." हे वाक्य रोज तेच असावे आणि सकाळी ते खरे व्हावे. बाबांनी सकाळी उठवले नाही, तर दुसऱ्या रात्री तो त्यांच्यावर विसंबून झोपणार नाही.

बाबांनी बेल न वाजवता चावीने दार उघडावे. त्यांचे ताट ओट्यावर झाकून ठेवावे आणि जेवताना स्वयंपाकघराचाच दिवा लावावा. नेरूळच्या भाऊंचे बाकी सगळे पटले, पण आठवड्यातून एक रात्र मी पोराला बाबांबरोबर जेवू देईन. शुक्रवारी दुसऱ्या दिवशी शाळा नसेल तर तो हक्क त्याला असावा.

ऐरोलीची आई:

वरच्या सगळ्यांशी सहमत आहे, फक्त एक गोष्ट पाहून घ्या. मुलगा झोपेत घोरतो का, तोंड उघडे ठेवून श्वास घेतो का, रात्रभर पाय झाडतो का? नाकामागच्या अॅडेनॉइड ग्रंथी वाढल्या असतील तर मूल दहा तास झोपूनही दमलेलेच उठते, आणि शरीरात लोह कमी असेल तरी पाय स्वस्थ राहत नाहीत. दूध भरपूर आणि जेवण कमी अशी सवय असलेल्या मुलांत लोह कमी पडण्याचा धोका अधिक असतो. यांतले काही दिसले तर वेळापत्रकाच्या भरवशावर थांबू नका, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

घोडबंदरची आई:

सर्वांचे मनापासून आभार. तो घोरत नाही, पण पाय झाडतो, आणि दूध हेच त्याचे मुख्य अन्न आहे, त्यामुळे पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की विचारणार आहे. मुलांच्या बाबांना हा धागा वाचायला दिला. सकाळची जबाबदारी घ्यायला ते तयार आहेत आणि आठच्या फोनची कल्पना त्यांना फारच आवडली. सासूबाईंनी गोष्टीचे काम घेतले आहे, पण दुपारी साडेतीनला त्याला जागे ठेवायचे म्हणजे त्यांची स्वतःची वामकुक्षी जाणार, याचा मला संकोच वाटतो. तिथे सोसायटीतल्या एका मुलीला दीड तासासाठी बोलावता येईल का, ते पाहते आहे. एकच शंका राहिली. शुक्रवारची रात्र बाबांबरोबर काढली, तर आठवडाभराची घडी मोडणार नाही का?

खारघर बालवाडी:

सासूबाईंच्या वामकुक्षीचा तुम्ही विचार केलात हे वाचून बरे वाटले. ती मुलाच्या एक ते दोनच्या झोपेबरोबरच झाली तर कदाचित कोणाचेच काही जाणार नाही. शुक्रवारबद्दल सांगायचे तर पहिले तीन-चार आठवडे ती सवलत देऊ नका. नवी वेळ अजून शरीरात मुरलेली नसते, तेव्हा एका रात्रीनेही ती मागे सरकते. घडी बसल्यावर शुक्रवारी तो साडेनऊ-पावणेदहापर्यंत जागला तर फारसे बिघडत नाही, मात्र शनिवारी सकाळी त्याला नेहमीच्या वेळेपेक्षा तासाभराहून जास्त झोपू देऊ नका आणि राहिलेली झोप दुपारी एक वाजता थोडी वाढवून भरून काढा. रविवारी रात्री पुन्हा साडेआठचीच वेळ ठेवा.