नजर गेली, पण दिसलं नाही
एखादी गोष्ट नजरेतून सुटली की 'समोर असूनही दिसलं कसं नाही?' असं आपण विचारतो. डोळा वळला म्हणजे दिसलंच, असं नसतं हो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टना, म्हणजे स्कॅन पाहून निदान करणाऱ्या डॉक्टरांना, फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गाठी शोधायला सांगितलं आणि शेवटच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं! २० जणांना ते दिसलं नाही. गंमत म्हणजे, नजर टिपणाऱ्या यंत्राप्रमाणे त्यातल्या १२ जणांनी थेट गोरिलाकडेच पाहिलं होतं. मेंदू बारीक, गोल, पांढरट ठिपके हुडकण्यात गुंतलेला; बाकीचं जाणिवेपर्यंत पोचलंच नाही. याला निष्काळजीपणा म्हणणं मला पटत नाही. गाठी शोधण्यात हे डॉक्टर त्याच प्रयोगातल्या, वैद्यकीय शिक्षण नसलेल्या नवख्यांपेक्षा कितीतरी सरस होते. आणि नवख्यांपैकी गोरिला किती जणांना दिसला? एकालाही नाही.