मदत हवी आहे: झेनच्या बॉनेटखालचा पसारा

म्हापशाला राहतो. १९९७ ची मारुती झेन आहे. मूळ ९९३ सीसीचं इंजिन काढून एस्टीमचं १२९८ सीसीचं बसवलंय (आरसीवर नोंद आहे, कुणीतरी विचारणारच!). यंदाच्या पावसाळ्यात बॅटरीचा ट्रे असा कुजला की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. हवा कोरडी आहे तोवर इंजिन उतरवून सगळं नीट करायचंय, शिमग्याला गाडी रस्त्यावर हवी.

रंगाचं बरंचसं ठरलंय. फक्त पेंटर म्हणतो, रस्ट कन्व्हर्टरवर (गंजावर लावायचं रसायन) इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचा थर) धरत नाही, पत्रा पूर्ण उघडा करा. बरोबर आहे का?

खरं घोडं अडलंय वायरिंगपाशी. जुन्या मेकॅनिकने जागोजागी वायरी नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. तिचा गोंद आता काकवीसारखा बोटांना चिकटतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळच्या (इंजिनातला तापलेला धूर जिथून बाहेर पडतो ती नळी) वायरी वाकवल्या की पापडासारख्या तडकतात. अख्खा हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा करू, की खराब तुकडे कापून क्रिंप (दाबून बसवायचा जोड) आणि हीट-श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) पुरेल? वरून कापडी टेप की पन्हाळीचा (कॉरुगेटेड) पाइप? आपल्या खाऱ्या हवेत पाइपात पाणी साचतं, असा माझा संशय.

फोंडा-मडगावकडे हे काम जीव लावून करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन माहीत असेल तर मेसेज करा.