पोट्ट्यायचा फुटबॉल क्लब जिल्हा संघटनेले जोडाचा हाय, कसं करू?

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)
भाऊ, गावात 22 पोट्टे रोज शाळेच्या मैदानावर खेळतात, बहुतेक 13-14 वर्षांचे. यंदा शाळेकडून तालुक्याले जिंकलो, जिल्ह्याले पयल्याच मॅचमदी हारलो अन् वर्षभराचा खेळ खतम. आता कोनी म्हनते क्लब काढा, संलग्न व्हा, मंग लीग खेळता येते. हे संलग्न म्हंजे नेमकं काय करा लागते? शाळेचेच पोट्टे क्लबात चालतात का?

रेफरीकाका
चालतात. पण दोन रस्ते येगळे हायेत, घोळ नको करू. शाळेचा रस्ता क्रीडा अधिकाऱ्याचा: तालुका, जिल्हा, अमरावती विभाग म्हंजे आपले 5 जिल्हे, मंग राज्य. 14, 17, 19 वर्षांखालचे गट, अन् हारले का घरी. क्लबचा रस्ता जिल्हा फुटबॉल संघटनेचा, ती जोडलेली विफाले (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन), विफा एआयएफएफले (साऱ्या देशाची फुटबॉल संघटना). लीगमदी एक मॅच हारली तरी पुढची असते, पोट्टे शिकतात तिथंच. आधी सेक्रेटरीले भेट, कोनते कागद अन् किती फी ते इचार. संस्था नोंदवाची असन तर कमीत कमी 7 जन लागतात, अन् सातही जन सही कराले एका दिवशी सापडत नाहीत हे आत्ताच सांगून ठेवतो 😄

वर्धेकर
काकाच्या बोलण्यात भर. खेळाडूची नोंदणी एआयएफएफच्या सीआरएसवर (त्यांची खेळाडू नोंदवायची प्रणाली) ऑनलाइन होते अन् एका वेळी पोरगा एकाच क्लबचा. आमची दोन पोरं शहरातल्या एका क्लबनं आधीच नोंदवून ठेवली होती, त्यांच्या मायबापालेही पत्ता नाही, आम्हाला कळलं मॅचच्या सकाळी अन् दोघंही बाहेर बसली. म्हणून नावं आधी तपासा. दुसरं म्हणजे जन्मदाखला. आमच्याकडं अर्ध्या टीमचा बड्डे 1 जून, गुरुजींची कृपा. दाखला अन् आधार जुळत नसेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, वर जायचं असेल तर वय तपासायला मनगटाचा एक्स-रे पण काढतात, तिथं गुरुजी कामी येत नाहीत.

पऱ्हाटीवाला
1 जूनवाले आमच्यातबी 8 हायेत 🙏 उद्याच दाखले गोळा करतो. पन लीग दिवाळीनंतर ठेवली तं? तवा सारे पोट्टे कापूस वेचाले रायतात.

रेफरीकाका
तारखा बैठकीत ठरतात, अन् बैठकीले संलग्न क्लबवालेच बसतात. जाय अन् सांग. नाहीतर शहरवाले त्यायच्या सोयीनं ठरवतातच.