ॲलिडा लिव्हिंग्स्टन: रणरागिणी की जमीनदारीण?

खडूस_मास्तर

रानजाईताईंची ‘नवऱ्याच्या माघारी साम्राज्य उभारणारी डच रणरागिणी’ ही पोस्ट आमच्या घरच्या ग्रुपवरही येऊन धडकली, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: ॲलिडा स्कायलर ही सतराव्या शतकातल्या न्यूयॉर्क वसाहतीतल्या ऑल्बनी गावची डच मुलगी, रॉबर्ट लिव्हिंग्स्टनची बायको. नवरा न्यूयॉर्कला नाहीतर लंडनला, आणि बाई हडसन नदीकाठची इस्टेट, पिठाची गिरणी, लाकडाची गिरणी, पावाची भट्टी, दुकान सगळं एकहाती बघतात. सबब, अमेरिकेच्या आद्य उद्योजिका आणि आपल्या सर्वांची प्रेरणा.

सांभाळलं, मान्य. उभारलं कोणी? 1686 मध्ये गव्हर्नर डोंगनने जमिनीचा पट्टा दिला तो रॉबर्टच्या नावे. विकत घेतलेले तुकडे दोन, एक 2,000 एकरांचा, दुसरा 600 चा, एकमेकांपासून कोसभर नव्हे, कित्येक मैल लांब. कागदावर ते एकमेकांना लागून दाखवले आणि मधलं सगळं गिळून झाले 1,60,000 एकर! सरकारला भरायचे वर्षाचे 28 शिलिंग. याला साम्राज्य उभारणं म्हणत असाल तर आमच्या तालुक्यात असे बरेच सम्राट मोकळे फिरतायत.

आणि तिथे राबणारी कुळं, गुलाम? अख्ख्या पोस्टमध्ये एक ओळ नाही.

रानजाई

पट्टा नवऱ्याच्या नावे निघाला हा बाईचा गुन्हा का, मास्तर? डच कायद्यात लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामायिक असायची, बाई स्वतः व्यवहार करायची, नवराबायको मिळून एकच मृत्युपत्र करायचे. वसाहत आधी डचांचीच होती; 1664 ला इंग्रज आले, 1674 ला कायमचे बसले, आणि हळूहळू लग्न झालेल्या बाईला कायद्यात स्वतःचं असं काही उरलं नाही. ॲलिडा वाढली त्या जगात आणि संसार केला या जगात.

रॉबर्ट 1694 च्या डिसेंबरात लंडनला निघाला तो भरकटत पोर्तुगालला लागला. 1703 ला पुन्हा निघाला तर फ्रेंचांनी जहाज धरलं, परतला 1706 मध्ये. एवढा काळ गहू आपोआप दळला जात होता वाटतं? तो स्कॉटिश, पण रॉटरडॅममध्ये वाढलेला, त्यामुळे दोघांची पत्रं डचमध्ये. गव्हाचं काय झालं, शहरातून कोणता माल पाठव, कुळांकडून काय येणं आहे. चार पत्रं वाचा, दुकान कोण चालवत होतं ते कळेल.

तिसरी_घंटा

डच बाईच हवी तर मारिया व्हॅन रेन्सेलर घ्या की! नवरा 1674 ला गेला, पदरी सहा पोरं, स्वतः कुबड्यांवर चालायची, तरी रेन्सेलरस्वाइकचा, म्हणजे ऑल्बनीभोवतीच्या रेन्सेलर घराण्याच्या इस्टेटीचा, कारभार रेटत हॉलंडमधल्या सासरच्यांशी पत्रांतून भांडत राहिली. आणि तिच्या डोक्याला ताप कोणी दिला? याच तुमच्या जोडप्याने. ॲलिडाचा पहिला नवरा निकोलस हा मारियाचा सख्खा दीर. तो 1678 च्या नोव्हेंबरात वारला, पुढच्या जुलैत बाईंनी रॉबर्टशी लग्न केलं, आणि दोघं रेन्सेलरांच्या मालमत्तेत वाटा मागायला हजर. म्हणे रणरागिणी.

रानजाई

विधवेने हक्क मागितला की ती लोभी. चालू द्या.

कोकणी_मेवा

मला ॲलिडा कळते, कारण आमच्या घरात एक होती. आजोबा मुंबईत कारकून, आजी गावात. भात, आंबा, खंडाची वसुली, कोर्टाच्या तारखा, सगळं तिच्याकडे. आजोबा शिमग्याला आणि गणपतीला यायचे, झोपाळ्यावर बसून हिशेब मागायचे आणि चूक काढून परत जायचे. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते आजोबा गेल्यावर, तेही काकांच्या खाली. त्यामुळे ‘उभारलं कोणी’ असले प्रश्न विचारणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

बांधावरून

खंडाची वसुली! वा. आमची आजी खंड घालणाऱ्यांतली. मालकीण भात मोजून घेताना पायलीवर शीग चढवायची, आणि पेरणीला उसनं देताना तीच पायली हाताने सपाट पुसून द्यायची. आजी मरेपर्यंत तो हात विसरली नाही. मालक मुंबईतच असायचा, त्याचं तोंडही तिने फारसं पाहिलं नव्हतं. तिच्या शिव्या होत्या त्या सगळ्या मालकिणीच्या नावाने.

कोकणी_मेवा

माझ्या आजीला न बघता तिच्या मापाबद्दल बोलू नका. कूळकायद्यात आमची जमीन गेली तेव्हा घरात वर्षाचं भात नव्हतं.

बांधावरून

गेली नाही हो, कसणाऱ्याला मिळाली. 1 एप्रिल 1957. आमच्याकडे त्या दिवसाबद्दल वेगळ्या आवाजात बोलतात. आणि तुमच्या आजीचं नाव मी घेतलं नव्हतं, तुम्हीच पायली ओळखलीत.

तिसरी_घंटा

दोन्ही आज्यांना नमस्कार. पण सातबारा निघालाच आहे तर सांगते, शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करायची मोहीम, आली तेव्हा वडिलांनी आईच्या नावावर दोन एकर करायचं ठरवलं. फेरफारासाठी गेल्यावर तिथल्या माणसाने विचारलं, “घरात काही भांडण आहे का?” घरात खरंच भांडण झालं, पण त्यानंतर, आणि ते काकांनी केलं. आजही त्या दोन एकरांवर काय पेरायचं ते भाऊ ठरवतो.

खडूस_मास्तर

हा धागा हडसनवरून कणकवलीला कधी गेला? पण शीग निघालीच आहे तर मुद्द्यावर येतो. 1710 मध्ये गव्हर्नर हंटरने जर्मन पॅलाटाइन निर्वासित आणले, आरमारासाठी पाइनपासून डांबर काढायला. वसाहतीसाठी 6,000 एकर रॉबर्टनेच सरकारला विकले आणि त्यांना जेवू घालायचा ठेकाही स्वतःच घेतला. माणशी रोज एका पावाचा तिसरा हिस्सा आणि क्वार्टभर बिअर. पोटाबद्दल तक्रारी सुरू झाल्या. आधीच्या एका गव्हर्नरने, म्हणजे कॉर्नबरीने, लंडनच्या सरकारला लेखी कळवलं की या माणसावर भरवसा ठेवू नका. आता सांगा, भट्टी कोणाच्या देखरेखीखाली होती?

रानजाई

छान! पट्टा, पैसा, पद सगळं रॉबर्टचं. पाव कमी पडला की भट्टी मात्र ॲलिडाची. डांबर निघालं नाही कारण झाडंच चुकीची निवडली. 1712 मध्ये हंटरने रसद बंद केली कारण लंडनहून पैसे येईनात. यात बाई कुठे बसते ते दाखवा.

हडसनकाठचा_पाहुणा

मी ऑल्बनीजवळ राहतो. पोस्टमधला फोटो क्लेरमाँटचा आहे, आणि ते ॲलिडाचं घर नव्हे. तिच्या मुलाने, धाकट्या रॉबर्टने, ते नंतर बांधलं. 1777 मध्ये इंग्रजांनी जाळलं, मग पुन्हा उभं राहिलं. ॲलिडा 1727 लाच गेली होती. तिचं घर रोलिफ यान्सन किल नावाचा ओढा हडसनला मिळतो तिथे होतं. पॅलाटाइनांची एक छावणी होती त्या गावाचं नाव मात्र आजही जर्मनटाउन. बाकी चालू द्या, घर बघायला छान आहे.

खडूस_मास्तर

घ्या, फोटोसुद्धा मुलाच्या घराचा. बरं, भट्टीचा टोमणा बसला, तेवढा मुद्दा तुमचा. पण मग हिशेब पूर्ण करा. गिरणी तिची, दुकान तिचं, तर गुलामही तिचेच धरा.

रानजाई

धरले. म्हणजे पट्टा नवऱ्याच्या नावे असला तरी मालकीण तीच होती, हे शेवटी तुमच्या तोंडून आलं. आभारी आहे, मास्तर. फोटो बदलते.

बांधावरून

मालकीणच होती, हेच तर मी पायलीपासून सांगतोय!

कोकणी_मेवा

पुन्हा पायली काढलीत तर मी खंडाच्या पावत्या काढेन. जपून ठेवल्यात.

बांधावरून

काढाच. कूळकायद्याचा वेगळा धागा उघडलाय, तिकडे टाका.