मदत हवी आहे: दगडी फरसबंदीवरील शर्यतीनंतर बधिर झालेली बोटे

नमस्कार मंडळी. मी 19 वर्षांचा असून गेल्या महिन्यात बेल्जियममध्ये दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरील माझ्या पहिल्याच सायकल शर्यतीत उतरलो होतो. ओल्या दगडांवर हँडल इतके थरथरत होते की तळहातांना फोड आले, पाण्याची बाटली उडून गेली आणि डावी करंगळी आजही बधिर आहे. फ्रान्समधल्या पॅरिस-रुबे सायकल शर्यतीत असे पन्नासहून अधिक किलोमीटर पार करणाऱ्यांविषयीचा माझा आदर दुणावला. माझे टायर 25 मिलिमीटरचे आणि हवेने टणक भरलेले होते, ही चूक आता उमगली आहे.

माझे वजन 62 किलो आहे. 30 मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा किती ठेवावी? नागपुरात जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते असल्यामुळे, सेमिनरी हिल्सच्या आसपास सरावाजोगा खडबडीत रस्ता कुणास ठाऊक असल्यास कृपया कळवावे. करंगळी कोणत्या डॉक्टरांना दाखवावी, हेही सांगावे.